जीवघेणी हिमवादळं, १८८८ ची आणि नंतरची: सारखे सारखे येणारे प्रश्न

१८८८ च्या वादळांबद्दल मी जिथे कुठे लिहितो तिथे साधारण हेच प्रश्न परत परत येतात, म्हणून सगळे एका जागी घेतलेत. सुरुवातीला अगदी बेसिक आहेत, पुढे जरा किचकट. एकच गोष्ट दोनदा सांगायला लागू नये म्हणून मध्ये मध्ये दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय, तिथे जाऊन बघा.

१. ब्लिझार्ड म्हणजे खूप बर्फ पडणं, एवढंच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या हिशोबाने वारा ताशी ३५ मैल म्हणजे साधारण ५६ किलोमीटर किंवा त्याच्या वर पाहिजे, उडणाऱ्या बर्फामुळे पाव मैल म्हणजे ४०० मीटरच्या पुढचं दिसत नसलं पाहिजे आणि हे सगळं निदान ३ तास चाललं पाहिजे. बर्फ किती इंच पडला याचा त्यात काही संबंध नाही. गुपचूप, वारा नसताना रात्रभर दोन फूट बर्फ पडला तर ते ब्लिझार्ड नाही, सकाळी उठून फावडं घ्यायचं. माणूस मरतो तो वारा आणि न दिसणं या दोन्हींमुळे. नवीन बर्फ अजिबात न पडता पण ब्लिझार्ड होतं, ते प्रश्न १६ मध्ये.

२. १८८८ चं ब्लिझार्ड म्हणून शोधलं की कधी न्यूयॉर्क येतं कधी नेब्रास्का, नक्की कुठलं खरं?

दोन्ही खरी, वादळंच दोन वेगळी. पहिलं १२ जानेवारी १८८८, गुरुवार, अमेरिकेच्या मधल्या सपाट गवताळ पट्ट्यात: डकोटा टेरिटरी (तेव्हा नॉर्थ आणि साउथ असे भाग झाले नव्हते, ते १८८९ ला झाले), नेब्रास्का, मिनेसोटा, आयोवा. याला शाळकरी मुलांचं ब्लिझार्ड म्हणतात आणि का ते पुढे कळेलच. दुसरं ११ ते १४ मार्च १८८८, पूर्व किनाऱ्यावर: न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स. मध्ये जेमतेम दोन महिने. पहिल्यात खेड्यापाड्यातले, नुकतेच युरोपातून आलेले शेतकरी सापडले, दुसऱ्यात देशातलं सगळ्यात मोठं शहर. त्यामुळे फोटो, पेपर, पुतळे सगळं न्यूयॉर्कच्या वाट्याला आलं, आणि मुलं गेली ती दुसरीकडेच.

३. १२ जानेवारीला दिवसभरात काय काय झालं ते नीट क्रमाने सांगा ना

त्याच्या आधीचे दिवस कडाक्याच्या थंडीचे होते, मुलं घरात कोंडलेली. १२ तारखेची सकाळ उजाडली ती मऊ, छपरावरचा बर्फ वितळायला लागलेला, माणसं जाड कोट न घालता बाहेर पडली, कोणी गुरं पाण्यावर नेली, कोणी लांबच्या गंजीतून गवत आणायला गेलं, आणि बऱ्याच दिवसांनी मुलं शाळेत गेली, ती पण हलक्या कपड्यात.

मग वायव्येकडून थंड हवेची भिंत आली. पहाटे मॉन्टाना, सकाळी उशिरा ते दुपारपर्यंत डकोटा, आणि नेब्रास्काच्या लिंकनला दुपारी ३ च्या सुमारास. आठवणी सांगणारे सगळे एकच सांगतात, की आकाशात काळा ढग जमिनीला टेकून येताना दिसला, आवाज आला, आणि पुढच्या दोन चार मिनिटात समोरचं काही दिसेना. रात्रीपर्यंत बऱ्याच ठिकाणी पारा उणे ३० सेल्सियसच्या आसपास, काही ठिकाणी त्याच्याही खाली.

आता वेळ बघा. डकोटात वादळ आलं तेव्हा मुलं वर्गात होती, पूर्व नेब्रास्कात आलं तेव्हा शाळा सुटायची वेळ, काही मुलं वाटेत. माझं या सगळ्या विषयावर एकच म्हणणं आहे आणि ते इथेच सांगतो: हिमवादळ किती मोठं होतं यापेक्षा ते आलं तेव्हा माणसं कुठे होती हे बघा, मेलेल्यांचा आकडा तिथे ठरतो. हेच वादळ मध्यरात्री आलं असतं तर आज त्याला नावही नसतं.

४. माणूस स्वतःच्या घरापासून गोठ्यापर्यंत जाताना हरवून मरतो हे पटत नाही, खरंच असं होतं का?

होतं, आणि कितीतरी जण असेच गेले. तिकडचा बर्फ आपल्याला सिनेमात दिसतो तसा भुरभुर पिसांसारखा नव्हता, चाळलेल्या मैद्यासारखा बारीक होता. तो नाकात, तोंडात, कपड्यांच्या विणीतून आत जातो, पापण्यांवर बसतो, डोळ्यातल्या ओलाव्याने गोठतो आणि पापण्या चिकटतात, मग हाताने तोडून काढायच्या. डोळे उघडले तरी वर खाली सगळं पांढरं, स्वतःचा पुढे केलेला हात दिसत नाही. त्यात वाऱ्याचा आवाज एवढा की कोणी दहा फुटावरून ओरडलं तरी ऐकू येत नाही, आणि त्या माळावर ना झाड ना कुंपण ना रस्ता. माणसाला वाटतं आपण सरळ चाललोय पण तो वाऱ्याला पाठ देत देत वळत जातो, घराच्या भिंतीपासून चार हातांवरून पुढे निघून जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही. म्हणून तिकडे घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधायची पद्धत होती, तो धरून जायचं आणि तोच धरून परत यायचं.

५. तेव्हा टेलिग्राफ होता ना, मग लोकांना आधी कळलं कसं नाही?

टेलिग्राफ होता, हवामान खातं पण होतं, फक्त ते सैन्याच्या सिग्नल कोअरकडे, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या विभागाकडे होतं. मिनेसोटातल्या सेंट पॉल इथे लेफ्टनंट थॉमस वुड्रफ या भागाचे अंदाज काढायचे आणि १२ तारखेच्या अंदाजात थंडीची लाट येणार आणि बर्फ उडून साचणार असं म्हटलेलं होतं. म्हणजे अगदीच कोणाला कल्पना नव्हती असं नाही. पण तो अंदाज तारेने जाणार रेल्वे स्टेशनच्या गावाला, तिथे पांढऱ्या कापडावर मधोमध काळा चौकोन असलेलं थंडीच्या लाटेचं निशाण चढणार, आणि ते दिसणार फक्त त्या गावातल्यांना. शेतकरी राहायचा तिथून कित्येक मैल लांब, प्रत्येकाची १६० एकर जमीन, शेजारचं घर पण लांब. शिवाय थंडीची लाट येतेय हे वाचून कोणाला कळणार की ती काही मिनिटात येणार आहे.

वुड्रफना एकट्याला दोष देणारे लोक आहेत, मला ते बरोबर वाटत नाही. बातमी शेवटच्या घरापर्यंत न्यायची यंत्रणाच नव्हती, आणि ती नसताना लोकांना तिथे वसायला बोलावलं होतं. पुढे १८९१ मध्ये हवामानाचं काम सैन्याकडून काढून शेती खात्याकडे दिलं, त्याला हे एकच वादळ कारण होतं असं मात्र नाही.

६. शिक्षकांनी मुलांना शाळेतच का नाही थांबवून ठेवलं?

बऱ्याच जणांनी ठेवलं आणि ती मुलं वाचली, बाकं जाळून रात्र काढली अशा हकीकती आहेत. पण शाळा म्हणजे एक खोली, पातळ फळ्यांची नाहीतर गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेकळांची, आणि जळण जेमतेम त्या दिवसापुरतं. त्या माळावर लाकूड नाही, कोळसा महाग, कितीतरी घरं गवत पिळून त्याच्या जुड्या जाळायची. शिक्षिका म्हणजे स्वतःच १८-१९ वर्षांच्या पोरी. जळण संपलं, छप्पर हलायला लागलं की ठरवायचं काय?

नेब्रास्कातल्या प्लेनव्ह्यूजवळ लोइस रॉइस नावाच्या शिक्षिकेकडे त्या दुपारी तीन मुलं उरली होती. जळण संपलं. तिची राहायची जागा २०० यार्डांच्याही आत होती, म्हणून ती तिघांना घेऊन निघाली आणि तेवढ्यात वाट चुकली. रात्रभर ती बर्फात त्यांना कवेत घेऊन पडून राहिली, तिन्ही मुलं एकेक करून गेली, सकाळी ती रांगत जवळच्या घरापर्यंत पोचली आणि तिचे पाय कापावे लागले. तिने चुकीचा निर्णय घेतला असं आज खुर्चीत बसून लिहिणारे भेटतात. एवढ्याशा अंतरासाठी त्या खोलीत तीन लेकरांना गारठत बसवायचं, हे कोणीच केलं नसतं.

७. मिनी फ्रीमनने मुलांना दोरीने एकमेकांना बांधून वाचवलं ही गोष्ट खरी आहे का?

मुलं वाचवली हे शंभर टक्के खरं. नेब्रास्कात ऑर्डजवळ मिरा व्हॅलीची शाळा, वाऱ्याने छप्पर उडालं आणि तिने सगळ्या मुलांना (१३ ते १६ असे वेगवेगळे आकडे मिळतात) मैलभर चालवत घरापर्यंत नेलं, एकही गेलं नाही. दोरीचं मात्र पक्कं नाही, तिच्याच एका विद्यार्थ्याने नंतर सांगितलं की दोरी वगैरे काही नव्हतं. पेपरवाल्यांना ती गोष्ट आवडली, तिच्यावर गाणं निघालं, ओमाहाच्या पेपरने अशा शिक्षिकांसाठी वर्गणी गोळा केली. दोरी नव्हती म्हटलं की काहींना वाईट वाटतं, पण एवढ्या पोरांना नुसतं हाताला धरून, हाका मारत न्यायचं हे मला तरी दोरीपेक्षा मोठं वाटतं.

८. काही जण रात्रभर जिवंत राहिले आणि वादळ थांबल्यावर सकाळी गेले असं वाचलं, हे कसं काय?

बरोबर वाचलंत. गंजीत किंवा बर्फात पडून राहिलेली माणसं सकाळी ऊन बघून उठली, चार पावलं टाकली आणि कोसळली. शरीर थंड पडत जातं तसं रक्त हातापायातून आत ओढलं जातं, हृदय कसंबसं चालू असतं. माणूस एकदम उठून चालायला लागला की हातापायातलं गार रक्त परत हृदयाकडे येतं, रक्तदाब पडतो, आणि थंड हृदयाचे ठोके बिघडायला तेवढं पुरतं. म्हणून आज रेस्क्यू टीम अशा माणसाला चालवत नाही, आडवं ठेवून हळूहळू ऊब देतात.

दुसरं म्हणजे हिमदंश. नेब्रास्कातल्या हॉल्ट काउंटीतली (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) एटा शॅटक, वय १९, ती पण शिक्षिका, गवताच्या गंजीत ७८ तास अडकली होती. जिवंत सापडली, पेपरांनी चमत्कार म्हणून छापलं, पाय कापले आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला ती गेली. त्या काळी गोठलेल्या हातापायावर बर्फ चोळायचा उपाय करायचे, त्याने कातडी आणखी फाटायची. आजही कोणी हे सांगितलं तर ऐकू नका.

९. मृतांचा आकडा कुठे २३५, कुठे ५०० पर्यंत, नक्की कुठला धरायचा?

२३५ हा नेहमी दिला जाणारा अंदाज आहे आणि तो अंदाजच. विखुरलेली वस्ती, नुकतीच आलेली नॉर्वेजियन, जर्मन, स्वीडिश कुटुंबं, काही मृतदेह बर्फ वितळल्यावर सापडले, काही जण आठवड्यांनी हिमदंशाने गेले (प्रश्न ८), ते कोणी कशात धरले कोणी नाही. मी २३५ लिहितो आणि पुढे "निदान" जोडतो. मार्चच्या वादळाचा आकडा ४०० च्या वर, त्यातले साधारण २०० एकट्या न्यूयॉर्क शहरात आणि शंभरेक खलाशी.

१०. पण न्यूयॉर्कसारख्या शहरात, घरं दाटीवाटीने असताना २०० माणसं कशी मेली?

कारण तो सोमवार होता. रविवारी पाऊस, मध्यरात्रीनंतर त्याचा बर्फ झाला आणि १२ मार्चला सकाळी लोक नेहमीसारखे कामावर निघाले, न जाऊन पगार कापला गेला असता किंवा नोकरीच गेली असती. उंचावरून धावणाऱ्या रेल्वेत साधारण १५,००० माणसं मध्येच अडकली, खालून शिड्या लावून उतरवायचे पैसे घेणारे पण निघाले. शहरात २१ इंच बर्फ, सॅराटोगा स्प्रिंग्जला ५८ इंच, आणि वाऱ्याने साचलेले ढीग खिडक्यांच्या वर. तारा तुटल्या, एवढ्या की बॉस्टन आणि न्यूयॉर्कमधले निरोप समुद्राखालच्या केबलने इंग्लंडमार्गे फिरवून पाठवले.

रॉस्को कॉन्कलिंग म्हणून मोठे राजकारणी होते, माजी सिनेटर. वॉल स्ट्रीटहून निघाले, गाडीवाल्याने ५० डॉलर मागितले असं सांगतात, ते चिडून चालत निघाले, अडीच मैलाला तीन तास लागले, युनियन स्क्वेअरला कमरेच्या वर बर्फात रुतले, क्लबच्या दारात कोसळले आणि १८ एप्रिलला गेले. त्यांचा पुतळा आहे मॅडिसन स्क्वेअरला. त्याच दिवशी गिरणीतून, दुकानातून घरी निघालेल्या कितीतरी मुली आणि पोरं वाटेत गेली, त्यांचं साधं नावही कुठे नीट लागत नाही.

११. न्यूयॉर्कची सबवे या वादळामुळे झाली असं सगळीकडे लिहितात, खरं का?

अर्धं खरं. महापौर अब्रॅम हेविट यांनी भुयारी रेल्वेची योजना जानेवारी १८८८ मध्येच मांडली होती, वादळाच्या आधी. तारा जमिनीखाली घालायचा कायदा पण आधीचाच, कंपन्या टाळाटाळ करत होत्या. वादळाने झालं एवढंच की विरोध करणाऱ्यांचं तोंड बंद झालं, आणि पुढच्या वर्षात खांब उतरवायला सुरुवात झाली. सबवेला तरी १९०४ उजाडलंच, बॉस्टनची त्याच्या आधी, १८९७ ला.

१२. वादळ गेल्यावर त्या गावांचं पुढे काय झालं? लोक सोडून गेले का?

लगेच नाही गेले. जायला पैसे कुठे होते, आणि पाच वर्षं राहिलं तर जमीन नावावर व्हायची. डकोटाच्या आग्नेय भागात मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची वस्ती होती, धर्मासाठी रशियाच्या साम्राज्यातून १८७४ ला उठून आलेली माणसं. त्यांची पाच मुलं शाळेतून निघाली आणि हरवली, त्यातले तिघे सख्खे भाऊ. रविवारी, लोक प्रार्थनेला जमायच्या दिवशी, पाचही एका जागी गोठलेली सापडली. त्या कुटुंबांनी तिथेच शेती केली. १८९० च्या दशकात सलग दुष्काळ पडला तेव्हा मात्र नेब्रास्का, डकोटातून माणसं मोठ्या संख्येने निघाली, तेव्हा हे वादळ पण त्यांच्या मनात असणार.

राहिले त्यांनी ही आठवण जपली. १९४० च्या दशकात नेब्रास्कात वाचलेल्यांचा क्लब झाला, तेव्हाची शाळकरी मुलं साठी सत्तरीची म्हातारी झाली होती, त्यांनी दरवर्षी जमून आठवणी लिहून घेतल्या. आज आपल्याला जे बारीकसारीक माहिती आहे त्यातलं बरंच त्या म्हाताऱ्या माणसांमुळे. लिंकनच्या विधानभवनात या वादळाचं मोझेक चित्र पण आहे.

१३. इतिहासातलं सगळ्यात जीवघेणं हिमवादळ १८८८ चंच का?

नाही, इराणचं, फेब्रुवारी १९७२. आधी काही वर्षं दुष्काळ आणि मग आठवडाभर बर्फ, काही ठिकाणी तीन मीटरच्या कितीतरी वर, साधारण ४,००० माणसं गेली. कक्कान आणि कुमार या गावांत एकही माणूस वाचलं नाही असं नोंदलंय. याच्यावर इतकं कमी लिहिलं गेलंय की वाईट वाटतं.

सैन्याची पण उदाहरणं आहेत: जानेवारी १७१९ ला नॉर्वेतून परत जाणारं स्वीडिश सैन्य, सुमारे ३,००० सैनिक डोंगरात गोठले. आणि जानेवारी १९०२, जपानच्या हक्कोदा डोंगरात सरावाला गेलेल्या २१० पैकी १९९ गेले.

१४. आपल्याकडे असं कधी झालंय का, की हा सगळा परदेशातला विषय?

झालंय. ऑगस्ट १९९६, अमरनाथ यात्रा, ऐन पावसाळ्यात वर बर्फाचं वादळ, लाखभर लोक वाटेवर, त्यात साध्या कपड्यातले, अनवाणी साधू, अडीचशेच्या जवळपास माणसं गेली. नंतर नितीश सेनगुप्ता समिती नेमली, रोज किती जणांना सोडायचं याची मर्यादा आणि नोंदणी यांची शिफारस तिथूनची. आज नाशिक नागपूरहून जाणारे काकाकाकू फॉर्म, मेडिकल सर्टिफिकेट सगळ्याला वैतागतात, त्यामागे ही माणसं आहेत.

दुसरं, मराठी ट्रेकर्सनी लक्षात ठेवावं असं: १४ ऑक्टोबर २०१४, नेपाळ, अन्नपूर्णा सर्किटवरचा थोरोंग ला, ५,४१६ मीटर. १२ तारखेला हुडहुड चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि त्याचीच वाफ वर जाऊन हिमालयात बर्फ होऊन कोसळली. सगळ्या मिळून निदान ४३ जण गेले, त्यात भारतीय पण होते. खिंडीवरच्या छोट्या चहाच्या झोपडीत थांबलेले काही जण थोड्या वेळाने खाली निघाले आणि त्यातले बरेच वाटेत संपले. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ असेल आणि तुम्ही नेपाळात उंचावर असाल तर दोन दिवस खालच्या गावात बसा, एजन्सीवाला काहीही म्हणो.

१५. आता सॅटेलाइट, मोबाइल सगळं आहे, तरी माणसं का मरतात?

अंदाज आता पोचतो, पण माणूस बाहेर असतोच. न्यूयॉर्क राज्यातलं बफेलो शहर, डिसेंबर २०२२, अंदाज बरेच दिवस आधीपासून अचूक होता, तरी त्या काउंटीत ४७ जण गेले. गाड्या बंदीचा आदेश शुक्रवारी सकाळी निघाला तोवर लोक कामावर पोचलेले, म्हणजे परत प्रश्न १० चीच गोष्ट. कोणी गाडीत, कोणी वीज गेलेल्या घरात, काहींना ॲम्ब्युलन्स पोचलीच नाही, आणि गरीब, कृष्णवर्णीय वस्तीला त्यातही जास्त झळ बसली.

जानेवारी २०२२ मध्ये कॅनडाच्या मॅनिटोबात, मिनेसोटाच्या सीमेला अगदी लागून, गुजरातमधलं चौघांचं कुटुंब हिमवादळात पायी सीमा ओलांडताना गोठून गेलं, त्यात दोन लहान मुलं. एजंटांनी त्यांना रात्री तिथे सोडलं होतं. तोच सपाट माळ, तोच उडणारा बर्फ, प्रश्न ४ मध्ये सांगितला तो. त्या एजंटांवर अमेरिकेत खटला चालून गुन्हा सिद्ध झाला.

१६. बर्फ पडत नसताना ब्लिझार्ड कसं होतं?

आधी पडलेला बर्फ वारा उचलतो. बफेलोचंच जानेवारी १९७७ चं उदाहरण: ईरी सरोवर डिसेंबरमध्येच गोठलेलं, त्यावर महिनाभर भुसभुशीत बर्फ साचलेला. २८ तारखेला वारा सुटला आणि तो सगळा उचलून शहरावर आणून टाकला. एकूण २९ जण गेले, त्यात बर्फाखाली पुरलेल्या गाड्यांमधले पण. वर निळं आकाश आणि खाली पाच फुटावरचं दिसत नाही असं सुद्धा होतं.

१७. १८८८ चे उणे ४० वगैरे आकडे विंड चिलसकट का? आणि सेल्सियस की फॅरनहाइट?

विंड चिलशिवाय. विंड चिल म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला खऱ्या तापमानापेक्षा जास्त जाणवणारी थंडी. ती कल्पनाच अंटार्क्टिकावरच्या प्रयोगांतून १९४० च्या दशकात आली, १८८८ चे आकडे सरळ थर्मामीटरवरचे. आणि उणे ४० ला दोन्ही मापं एकच होतात, तिथे विचारायची गरज नाही. बाकी जुन्या अमेरिकन नोंदी फॅरनहाइटमध्ये असतात, त्यातले उणे २० म्हणजे आपले साधारण उणे २९.

१८. मुलगी मिनेसोटाला शिकायला गेलीय, गाडी चालवते. वादळात गाडी अडकली तर तिने काय करायचं?

गाडी सोडायची नाही. समोर घर दिसत असेल आणि दिसतच राहणार असेल तरच उतरायचं, नाहीतर आत बसायचं, शोधणाऱ्याला गाडी सापडते, चालत गेलेलं माणूस सापडत नाही. तासाला दहा मिनिटं इंजिन चालू करायचं, पण त्याआधी मागचा एक्झॉस्ट पाइप बर्फाने बुजला नाही ना बघून मोकळा करायचा आणि वाऱ्याची विरुद्ध बाजूची काच बोटभर खाली ठेवायची. पाइप बुजला की कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. अँटेनाला किंवा आरशाला रंगीत फडकं बांधायचं. नोव्हेंबरपासून डिकीत ब्लँकेट, टॉर्च, फावडं, कोरडा खाऊ, जास्तीचे मोजे आणि टोपी ठेवायला सांगा, आणि बाहेर कितीही छान ऊन असलं तरी जाड जॅकेट गाडीत असू दे म्हणावं. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. निघताना कुठल्या रस्त्याने चाललीय आणि कितीला पोचेल हे रूममेटला मेसेज करून ठेवायचं, तुम्हाला केला तर चालेल पण तुम्ही इथून फक्त काळजी करणार, रूममेट तिकडच्या ९११ या इमर्जन्सी नंबरला फोन करू शकते.